कथेचा सारांश कसा लिहावा? ‘उसने कहा था’च्या निमित्ताने

जयपूरमध्ये आमच्या शेजारची अकरावीतली मुलगी परवा विचारत होती, “काकू, कथेचा सारांश लिहायचाय, पण सगळंच महत्त्वाचं वाटतंय. गाळू काय?”

कथा होती चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’, १९१५ साली ‘सरस्वती’ मासिकात आलेली. गुलेरींचा जन्म १८८३ सालचा, याच जयपुरातला! माझी अतिशय लाडकी कथा.

मी तिला सांगितलेली पद्धत:

१. कथा आधी पूर्ण वाचा, मगच पेन हातात घ्या.

२. या कथेचे पाच भाग आहेत. प्रत्येक भागासाठी आपल्या शब्दांत एकच वाक्य लिहा.

३. मुख्य पात्र, त्याच्यापुढचा पेच आणि शेवट आलाच पाहिजे. इथे लहनासिंह, सुभेदारणीने त्याच्याकडे केलेली मागणी आणि ती पाळताना त्याने दिलेला जीव.

४. अमृतसरच्या बाजारातली लहना आणि सुभेदारणीची लहानपणची भेट शेवटी पुन्हा आठवणीत येते. सारांशात घटना घडल्या त्या क्रमाने मांडल्या की गोंधळ होत नाही.

५. संवाद, वर्णनं, खंदकातली थट्टामस्करी गाळा. पण सुभेदारणीच्या आजारी मुलाला, बोधासिंहला, लहना स्वतःचे गरम कपडे देतो, हे ठेवा. त्याच्या वागण्याचं कारण शेवटी उलगडतं.

६. ‘मला कथा आवडली’ हे रसग्रहणात लिहा, सारांशात नको.

शेवटी कथा न वाचलेल्या माणसाला सारांश वाचून दाखवा. त्याला सगळं कळलं, तर सारांश जमला!

तुमच्या मुलांना कोणती कथा आहे? कमेंटमध्ये लिहा, मिळून सोडवू.