न बदललेले पान चुकीचे कसे होते?

२००६ सालच्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, तेव्हा पाठ्यपुस्तकांतल्या सूर्यमालेत नऊ ग्रह होते. त्याच वर्षी २४ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्राग येथील अधिवेशनात ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटोची गणना बटुग्रहांत होऊ लागली. पुस्तकातले एकही अक्षर हलले नव्हते. तरीही 'सूर्यमालेत नऊ ग्रह आहेत' हे वाक्य त्या दिवसापासून चुकीचे ठरले. पुढची आवृत्ती छापून येईपर्यंत वर्गात तोंडी दुरुस्ती करणे एवढेच शिक्षकांच्या हाती होते.

पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत असा प्रसंग क्वचित येतो. संगणकाच्या सॉफ्टवेअरबाबत मात्र तो सतत येत असतो. सॉफ्टवेअर बदलते आणि ते कसे वापरावे हे सांगणारी पुस्तिका जुनीच राहते. पुस्तिका विकणाऱ्या कंपनीने लिहिली असेल, तर ती सुधारण्यासाठी पगारी माणसे असतात. पण जे सॉफ्टवेअर कोणाच्याच मालकीचे नाही, असंख्य लोकांनी मिळून केलेले आहे, त्याच्या पुस्तिकेकडे कोण पाहते? या लेखात आपण त्याचाच शोध घेऊ या.

नुसता स्रोत पुरत नाही

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका. प्रोग्रामर या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहितो. या लिखाणाला 'स्रोत' म्हणतात. मुक्त स्रोत किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये हा स्रोत सर्वांना खुला असतो. तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. लिनक्स हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे 'कर्नेल', लिहायला घेतला. आज अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा असतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात.

स्रोत खुला आहे, मग पुस्तिका हवी कशाला? गणिताच्या वहीत नुसत्या पायऱ्या लिहिलेल्या आहेत आणि 'समजा', 'म्हणून', 'कारण' यांपैकी एकही शब्द नाही, अशी कल्पना करा. उत्तर बरोबर असले, तरी दुसऱ्याला त्यातून शिकता येत नाही. स्रोताचेही तसेच आहे. आज्ञा काय करते हे तो सांगतो. ती कशासाठी आहे, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे मात्र साध्या भाषेत कोणीतरी लिहावे लागते.

ही जाणीव जुनी आहे. लिनक्स ज्या धर्तीवर तयार झाले, त्या युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती लिहिली, ती त्यांचे विभागप्रमुख डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे. प्रत्येक आज्ञेला एक पान आणि प्रत्येक पानाचा साचा ठरलेला: नाव, वापरण्याची रीत, वर्णन. त्याच साच्यात 'दोष' असेही एक कलम होते. या आज्ञेत आम्हाला माहीत असलेले दोष कोणते, हे लिहिणारे स्वतःच सांगत. शिवाय आज्ञेची जबाबदारी कोणाची, हेही पानावर नोंदवलेले असे. विज्ञानाच्या शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. प्रयोगवहीत निरीक्षणाबरोबर त्रुटींचे मूळ लिहायला आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तसेच हे आहे.

हजार पानांची राखण

लिनक्सने पानांची हीच पद्धत उचलली. १९९२ मध्ये काही हौशी मंडळींनी लिनक्सची माहिती लिहून काढण्याचा एक सामूहिक प्रकल्प सुरू केला. कर्नेलशी बोलण्याच्या आज्ञांची पाने सांभाळण्याचे काम १९९३ मध्ये रिक फेथ यांनी घेतले. १९९५ पासून नेदरलँड्सचे गणितज्ञ आंद्रिस ब्रौवर यांनी आणि २००४ पासून मायकेल केरिस्क यांनी ते पाहिले. २०२० पासून आलेहान्द्रो कोलोमार त्यात आले. मोजका काळ सोडला, तर हे काम पोटापाण्याचा उद्योग सांभाळून केलेले आहे. पाने हजाराहून अधिक आहेत आणि कर्नेलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. म्हणजे वर्षातून पाच-सहा वेळा 'आपल्या हजार पानांपैकी कोणते वाक्य आता खोटे झाले?' असा प्रश्न या मंडळींपुढे उभा राहतो.

दुरुस्ती कशी होते? समजा, एखाद्या प्रोग्रामरला पानावर लिहिले आहे त्यापेक्षा वेगळे काही घडताना दिसले. तो जुनी ओळ आणि तिच्या जागी सुचवलेली नवी ओळ, शिवाय बदलाचे कारण, असे सगळे ई-मेलने पाठवतो. इतर लोक ते वाचतात, शंका काढतात. पान सांभाळणारा माणूस कर्नेलचा स्रोत उघडून पाहतो किंवा एक छोटा प्रोग्राम लिहून दावा पडताळतो. खात्री झाली की बदल स्वीकारला जातो आणि सुचवणाऱ्याचे नाव कायमचे नोंदवले जाते. शोधनिबंध छापण्यापूर्वी तो त्या विषयातल्या दुसऱ्या वैज्ञानिकांकडून तपासून घेतात. ही त्याचीच धाकटी भावंडे म्हणता येतील. फरक इतकाच, की इथे निबंध चार ओळींचा असतो आणि तो पाठवायला पदवी लागत नाही.

समजावताना सापडलेला दोष

शिकवताना आपल्याला एक अनुभव नेहमी येतो. धडा आपल्याला नीट समजला आहे असे वाटत असते. मग एखादी मुलगी विचारते, 'पण असे का?' आणि आपल्याच समजुतीतले भगदाड दिसते. पुस्तिका लिहिणाऱ्यांनाही हेच भगदाड दिसते.

२००७ च्या जुलैमध्ये आलेल्या कर्नेलच्या २.६.२२ या आवृत्तीत वेळ मोजण्याची एक नवी सोय होती. गजर लावावा तसा प्रोग्रामने टाइमर लावायचा आणि वेळ झाली की कर्नेलने त्याला कळवायचे. केरिस्क यांनी तिचे पान लिहायला घेतले. जुन्या टाइमरांच्या पानांशी तुलना करताना त्यांच्या लक्षात आले, की लावलेल्या टाइमरला 'अजून किती वेळ उरला आहे?' असे विचारण्याची तरतूदच नव्या सोयीत नाही. जुन्या टाइमरांत ती होती. चर्चा झाली. पुढच्या आवृत्तीत ही सोय बंद ठेवण्यात आली आणि एप्रिल २००८ च्या २.६.२५ या आवृत्तीत ती नव्या रूपात आली. आता तिच्यात एका आज्ञेऐवजी तीन आज्ञा होत्या. टाइमर तयार करण्याची एक, लावण्याची दुसरी आणि उरलेला वेळ विचारण्याची तिसरी. सोय जगभर वापरात रुळल्यावर हा दोष कळला असता, तर तो काढणे फार अवघड गेले असते.

पान गप्प राहिले तर

आता उलट बाजू पाहू. प्रोग्राम जेव्हा संगणकाला 'ही माहिती लिही' म्हणतो, तेव्हा ती लगेच तबकडीवर लिहिली जात नाही. वेळ वाचावा म्हणून कर्नेल ती आधी स्मृतीत ठेवतो आणि सवडीने तबकडीवर उतरवतो. पत्र टपालपेटीत टाकणे आणि ते पोचणे यांत फरक आहे, तसाच हा फरक आहे. लिहिण्याची आज्ञा यशस्वी झाली, म्हणजे माहिती तबकडीवर पोचलीच असे नाही, असा स्पष्ट इशारा त्या आज्ञेच्या पानावर दिलेला आहे. पोचपावती हवी असेल तर 'एफसिंक' ही दुसरी आज्ञा द्यावी लागते.

बँका, रुग्णालये, कार्यालये यांच्या नोंदी ठेवण्यासाठी पोस्टग्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर फार वापरले जाते. एफसिंकने 'जमले नाही' असे उत्तर दिले, तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची आणि दुसऱ्यांदा 'जमले' असे उत्तर आले की माहिती सुरक्षित मानायची, असे गृहीत धरून ते लिहिलेले होते. २०१८ साली उघडकीस आले, की लिनक्समध्ये हे गृहीतक खरे नाही. पहिल्या अपयशानंतर कर्नेल ती माहिती 'लिहून झाली' असे समजत असे. त्यामुळे दुसऱ्या वेळी 'जमले' असे उत्तर येई आणि तबकडीवर मात्र काहीच पोचलेले नसे. सुमारे वीस वर्षे पोस्टग्रेस या समजुतीवर चालत होते. २०१९ मध्ये त्यात बदल झाला. आता अपयश आल्यास ते काम थांबवते आणि आपल्या रोजकीर्दीवरून सगळ्या नोंदी पुन्हा उभ्या करते.

एफसिंकच्या पानावर अपयशाचा उल्लेख होता. अपयश आल्यावर त्या माहितीचे काय होते, हे मात्र स्पष्ट केलेले नव्हते. पान गप्प राहिले आणि वाचणाऱ्यांनी ती जागा आपापल्या अंदाजाने भरली. एका न लिहिलेल्या वाक्याची किंमत अशी असू शकते.

काम मोठे, हात थोडे

गिटहब या संस्थेने २०१७ साली मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या सुमारे ५५०० लोकांची पाहणी केली. अपुरी किंवा गोंधळात टाकणारी माहिती ही अडचण असल्याचे ९३ टक्के लोकांनी सांगितले. त्याच पाहणीत, सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण माहितीलेखनात क्वचितच भाग घेतो किंवा कधीच घेत नाही, असेही सांगितले. नवी सोय करणाऱ्याचे नाव होते. जुने वाक्य तपासून 'अजून बरोबर आहे' असे ठरवणाऱ्याचे काम कोणाला दिसत नाही.

त्यामुळे हा डोलारा अनेकदा एकदोघांच्या खांद्यांवर उभा असतो. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिला कंपनीने सुमारे २५० कर्मचारी कमी केले. वेबपाने तयार करणाऱ्यांचा मोठा आधार असलेला एमडीएन हा माहितीसंग्रह लिहिणारे अनेकजण त्यांत होते. डिसेंबर २०२० मध्ये हा संग्रह कोणालाही दुरुस्ती सुचवता येईल अशा रूपात आणला गेला. जानेवारी २०२१ मध्ये देणग्यांतून लेखकांना मानधन देणारी ओपन वेब डॉक्स ही संघटना उभी राहिली. लिनक्सच्या पानांवरही अशीच वेळ आली. चार वर्षे विनामोबदला काम केल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कोलोमार यांनी, आता हे परवडत नाही, म्हणून काम थांबवत असल्याचे कळवले. त्यानंतर काही कंपन्यांनी मिळून मानधनाची सोय केली आणि काम पुन्हा सुरू झाले. जगातले सगळे मोठे महासंगणक ज्या प्रणालीवर चालतात, तिची पाने काही काळ वाऱ्यावर होती, हे विसरून चालणार नाही. स्वयंसेवा फुकट मिळते, म्हणून ती अखंड मिळेल असे नाही.

नवख्याचे डोळे

या कामात शिक्षकांचा काय संबंध, असे वाटेल. संबंध असा, की पुस्तिकेतला अडथळा तज्ज्ञाला दिसत नाही. तो त्याच्या पायाखालचा झालेला असतो. तो दिसतो नवख्याला, आणि नवखा कुठे अडतो हे ओळखण्याचे कसब शिक्षकाइतके दुसऱ्या कोणाकडे नसते.

मुंबईच्या आय. आय. टी. मधला स्पोकन ट्यूटोरियल हा उपक्रम याचे चांगले उदाहरण आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली तो केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यावर उभा राहिला. हे सगळे स्वयंसेवेचे काम नाही, पण त्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार करताना संहिता विषयतज्ज्ञाकडून तपासली जातेच, पण ते सॉफ्टवेअर कधीच न वापरलेल्या माणसाकडूनही तपासून घेतली जाते. पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. पडद्यावरचे शब्द इंग्रजी, समजावणे मराठीत. अर्थात सॉफ्टवेअरचा पडदा बदलला की हेही पाठ शिळे होतात आणि पुन्हा ध्वनिमुद्रण करावे लागते.

ही रीत वर्गात करून पाहता येते. शाळेतल्या प्रयोगाची किंवा संगणकावरच्या एखाद्या कृतीची लेखी सूचना घ्या. ती कधीच न केलेल्या दोन विद्यार्थ्यांना वाचून कृती करायला सांगा. बाकीच्यांनी तोंड उघडायचे नाही, फक्त ते कुठे थांबले, कुठे परत वाचू लागले, कोणता शब्द एकमेकांना विचारला, एवढे टिपायचे. मग सर्वांनी मिळून सूचना सुधारावी आणि दुसऱ्या जोडीला द्यावी. शेवटी पानाच्या तळाशी तारीख आणि सुधारणाऱ्यांची नावे घालावीत, आणि 'या सूचनेत अजून राहिलेले दोष' असे एक कलम जोडावे. पुढच्या वर्षीच्या वर्गाला काम तिथून सुरू करता येईल.