चार्जरच्या पोटातले काही मिलिमीटर

सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला उतरून नेहरू रोडने वाकोल्याकडे निघाले की मोबाइलवाल्यांची रांग लागते. एखादे काचेच्या दाराचे दुकान, त्याच्या शेजारी रिपेअरिंगची टपरी, पुढे फुटपाथवर उघडलेली मोठी छत्री आणि तिच्या काड्यांना लटकलेल्या रंगीबेरंगी केबली. दिवाळीच्या तोंडावर या छत्र्यांखालची गर्दी आणखी वाढते. केबल मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘लोकल पाहिजे की कंपनीची?’ आणि बहुतेक वेळा उत्तर खिसा देतो.

प्रश्न साधा वाटतो, पण तो अपुरा आहे. ‘कंपनीची’ म्हणून हातात येणारी वस्तू खरोखर त्या कंपनीची असेलच असे नाही. फर्स्ट कॉपीवर नाव, खोके, स्टिकर, सगळे हुबेहूब असते. उलट, फारसे नाव नसलेल्या एखाद्या उत्पादकाचा चार्जर सगळ्या चाचण्या पार करून आलेला असू शकतो. टिकाऊपणा आणि सुरक्षितता या दोन गोष्टी वस्तूच्या पोटात असतात. तिथे काय असते हे एकदा समजून घेतले की खरेदीची नजरच बदलते.

चार्जरपासून सुरुवात करावी, कारण भिंतीतल्या विजेशी थेट नाते त्याचेच. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि फोनच्या साध्या चार्जिंगला लागतात ५ व्होल्ट. काड्यापेटीएवढ्या डबीत हे दोन विद्युतदाब शेजारी शेजारी नांदतात. त्यांच्यामध्ये उभा असतो एक छोटा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन गुंडाळ्यांमध्ये विद्युतरोधक पट्टीचे थर असावे लागतात, आणि सर्किट बोर्डावर उच्च दाबाचा भाग आणि फोनकडचा भाग यांच्यात काही मिलिमीटरची मोकळी जागा सोडावी लागते. चांगल्या चार्जरमध्ये ही जागा हिशोबाने राखलेली असते आणि गरज पडेल तिथे बोर्डाला खाचही पाडलेली असते. स्वस्त चार्जरमध्ये याच जागेवर, याच पट्टीवर आणि फ्यूजवर पैसे वाचवले जातात. मग ओलसर हवा, साचलेली धूळ किंवा विजेचा एखादा झटका पुरतो आणि भिंतीतले २३० व्होल्ट केबलीतून थेट फोनच्या धातूच्या कडेपर्यंत पोहोचू शकतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर दमट हवा घराघरांत असते.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा चाचणी संस्थेने २०१६मध्ये ॲपलच्या नावाने विकले जाणारे ४०० बनावट अडॅप्टर तपासले. त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक नापास झाले. उच्च दाबाची विद्युतरोधन चाचणी फक्त ३ अडॅप्टरांनी पार केली, आणि १२ तर इतके सदोष होते की वापरणाऱ्याला प्राणघातक शॉक बसण्याचा धोका होता. बाहेरून पाहता यातले बरेचसे अस्सल मालासारखेच दिसत होते.

आता केबल. अनेक स्वस्त केबली पिनेच्या मानेपाशी मोडतात, कारण तिथे वाक सहन करणारी लवचीक बाही एक तर नसते किंवा नुसती शोभेची असते. दुसरी काटकसर तारेच्या जाडीत होते. तारेच्या जाडीला क्रमांक असतो आणि क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक. २८ क्रमांकाच्या तारेपेक्षा २४ क्रमांकाच्या तारेत सुमारे अडीच पट तांबे असते. काही केबलींत तर तांबे वरवरच असते आणि आत ॲल्युमिनियम, ज्याची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या जेमतेम साठ टक्के. अशा केबलीत वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. फोन ‘चार्ज होतोय’ असे दाखवतो, पण टक्के काही सरकत नाहीत.

टाइप-सी केबलीत आणखी एक बारीक भाग असतो, तो म्हणजे रेझिस्टर. जुन्या चौकोनी पिनेच्या चार्जरला जोडायच्या टाइप-सी केबलीत हा रेझिस्टर ५६ किलोओहमचा असला पाहिजे. त्यावरून फोन ठरवतो की चार्जरकडून किती वीज ओढायची. त्या जागी १० किलोओहमचा बसवला की फोनचा समज होतो की समोरचा चार्जर ३ अँपिअर देऊ शकतो, आणि बिचाऱ्या जुन्या चार्जरवर झेपणार नाही इतका भार पडतो. गूगलमधले अभियंता बेन्सन लियुंग यांनी २०१५च्या अखेरीस ॲमेझॉनवरच्या टाइप-सी केबली विकत घेऊन एकेक तपासायला सुरुवात केली आणि हा दोष जगासमोर आणला. फेब्रुवारी २०१६मध्ये चुकीच्या जोडणीच्या एका केबलीने त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी केला. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली. चिकाटीने तपासणाऱ्या एका ग्राहकामुळे बाजाराला नियम बदलावा लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

टिकाऊ केबलीला आपल्याकडे गिऱ्हाईक नाही, असेही कोणी म्हणू नये. अमन गुप्ता आणि समीर मेहता यांच्या ‘बोट’ या ब्रँडची सुरुवातच मुळी मानेपाशी न तुटणाऱ्या आयफोन केबलीने झाली. २०१६च्या सुमारास लोकांना नेमके काय टोचते आहे, हे त्यांनी ओळखले. विणलेल्या आवरणाची, मजबूत मानेची केबल थोडे जास्त पैसे देऊन घ्यायला लोक तयार होते. त्या एका दुखण्यावरच्या इलाजातून देशभर ओळखला जाणारा ब्रँड उभा राहिला.

पॉवर बँकेची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिच्यात लिथियमच्या बॅटरीत ऊर्जा कोंडलेली असते. वाकोल्याला तिची गरज कुणी समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. वाकोला नाला आणि तो जिला मिळतो ती मिठी नदी, दोन्ही पात्राबाहेर वाहू लागली. उपनगरांत वीज गेली आणि घरच्यांचा ठावठिकाणा लागेना. अशा रात्री भरलेली पॉवर बँक आधार असते. पण ती भरवशाची हवी.

तिच्यावर छापलेले १०,००० एमएएच हे आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टवरचे असतात, म्हणजे ३७ वॅट-तास. फोनला ५ व्होल्टवर देताना आणि वाटेतली गळती धरता त्यातले साधारण ६,००० ते ६,५०० एमएएचच हाती लागतात. प्रामाणिक उत्पादक हा दुसरा आकडाही खोक्यावर छापतो. आकडा फक्त मोठा आणि वजन मात्र हलके असेल, तर शंका घ्यावी. वॅट-तासांचा हिशोब शेजारच्या विमानतळावरही कामी येतो. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकता येत नाही, सोबतच्या बॅगेतच न्यावी लागते, आणि परवानगीशिवाय मर्यादा १०० वॅट-तासांची. २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाआधीच पेटले. सगळे प्रवासी वाचले. तपासात संभाव्य कारण म्हणून पुढे आला तो एका पॉवर बँकेतल्या विद्युतरोधनाचा बिघाड.

चांगल्या कंपन्याही चुकतात. जून २०२५मध्ये अँकर कंपनीने अमेरिकेत विकलेल्या ११ लाखांहून अधिक पॉवर बँका आग लागण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या. पण तिथे मॉडेल क्रमांक होता, नोंद होती, परत घेणारे कुणीतरी होते. छत्रीखालची बिननावाची पॉवर बँक सदोष निघाली तर ती परत मागवणार कोण?

स्क्रीनवरच्या टफन ग्लासबद्दल मात्र थोडक्यात. ‘९एच’ हे पेन्सिलीच्या कठीणपणावर आधारलेल्या चाचणीचे माप आहे, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीचे नाही. ‘११डी’, ‘२१डी’ असल्या छापांमागे कोणतेही प्रमाणित माप नाही. कडेपर्यंत नीट बसणारी, पूर्ण चिकटणारी काच घ्यावी आणि तडा गेला की बदलावी.

मग दुकानात उभ्या असलेल्या माणसाने पाहायचे काय? चार्जर आणि पॉवर बँक या दोन्हींना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. त्यांच्यावर भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्यासोबत इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक छापलेला असला पाहिजे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव आणि वस्तू समोर येते. नाव जुळले नाही, तर वस्तू काउंटरवरच ठेवून द्यावी. खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा.

आणि बिल हवेच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येते. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, तर ती विक्रेत्यावरही येऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वाकोल्याहून जवळच, वांद्रे पूर्वेला आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही.

या भागाला ग्राहक चळवळीची परंपराही जवळची आहे. १९७५च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. कुटुंबांचे छोटे संघ करून, पारखलेला माल एकत्र खरेदी करून वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. तिचे ग्राहक भवन विलेपार्ल्यात आहे. धान्य-डाळींच्या बाबतीत जे जमले, ते चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या दहा घरांनी चार्जरच्या बाबतीतही करून पाहावे. एकाने क्रमांक तपासायचा, सगळ्यांनी मिळून माल घ्यायचा, घाऊक दरही मिळतो.

कारण मूळ अडचण पैशाची आहे आणि ती खरी आहे. दिवसभर फोनवर ऑर्डर घेत फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाला केबलीवर दुप्पट-तिप्पट खर्च करणे जड जाते. पण समजा, शंभर रुपयांची केबल चार महिन्यांत तुटते आणि तीनशेची दोन वर्षे टिकते. मग दोन वर्षांत स्वस्त केबलीवर सहाशे रुपये जातात, शिवाय बंद फोनमुळे बुडालेले काम वेगळेच. आणि वस्तू निकामी झाली तरी आपली जबाबदारी संपत नाही: तुटलेली केबल आणि फुगलेली पॉवर बँक सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. २०२२च्या ई-कचरा आणि बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या मालाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तो अधिकृत संकलन केंद्रातच द्यावा.

आजची खरेदी जास्त काळ उपयोगी पडेल, यालाही ठोस आधार आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचे केले, भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आहे, आणि आयफोनही सप्टेंबर २०२३पासून याच पिनेवर आला. त्यामुळे नोंदणी क्रमांक तपासून घेतलेला एक चांगला चार्जर आणि जाड तारेच्या दोन केबली आजोबांच्या फोनला चालतील, कॉलेजच्या मुलीच्या फोनला चालतील आणि त्यांच्या पुढच्या फोनलाही. एक गोष्ट मात्र आधीच पाहून घ्यावी. काही कंपन्यांचे अतिवेगवान चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर चालते, म्हणून घेताना खोक्यावर ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे वेगवान चार्जिंगची सामाईक पद्धत) लिहिले आहे का आणि आपला फोन किती वॅटपर्यंत घेतो, हे दुकानदाराला विचारावे.