कार्यालयातील फर्निचरची मांडणी

कार्यालयाच्या उपलब्ध जागेत मेजे, खुर्च्या, कपाटे, विभाजक पडदे व यंत्रे यांची स्थाने, कामाचा ओघ आणि माणसांची ये-जा लक्षात घेऊन निश्चित करणे म्हणजे फर्निचरची मांडणी होय. वरवर पाहता हा वस्तू ठेवण्याचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो वस्तूंमधील मोकळ्या जागेचा प्रश्न आहे. मेजाचे माप कारखान्यात ठरलेले असते; मेजामागे किती अंतर सोडावयाचे, हे मात्र आखणी करणाऱ्यालाच ठरवावे लागते. प्रस्तुत नोंदीत सु. दहा ते तीस माणसांच्या खाजगी कार्यालयाचा, विशेषतः ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसरातील कार्यालयांच्या संदर्भात, विचार केला आहे.

इतिहास : पेशवाईतील फडावर कारकून बैठकीवर बसून उतरत्या फळीच्या डेस्कावर बोरूने लिहीत व कागद कापडी रुमालांत बांधून ठेवीत. अशा बैठकीला जागा थोडी लागे आणि ती सहज हलविता येई. व्यापारी पेढ्यांतील गादी-लोडांची पद्धत विसाव्या शतकातही टिकून होती. मेज-खुर्चीची पद्धत ब्रिटिश अंमलात रूढ झाली. भारतात पोलादी कपाटांचे उत्पादन गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये सुरू केले आणि कालांतराने करड्या रंगाचे पोलादी कपाट हे कार्यालयाचे जणू चिन्हच बनले. पाश्चात्त्य देशांत फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञाने अमेरिकेतील बफालो येथील लार्किन इमारतीसाठी (१९०६) इमारतीबरोबरच धातूच्या फर्निचरचेही आकृतिबंध केले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत भिंती काढून टाकून कागदांच्या प्रवासानुसार मेजांचे पुंजके रचण्याची पद्धत निघाली. रॉबर्ट प्रॉप्स्ट याने हर्मन मिलर कंपनीसाठी योजलेल्या संचातून (१९६४, सुधारित १९६८) कमी उंचीच्या पडद्यांचे कप्पे पुढे आले. माणसाला हालचालीची मुभा मिळावी हा प्रॉप्स्टचा हेतू होता. व्यवहारात मात्र त्याच पडद्यांनी कमीत कमी जागेत जास्तीत जास्त माणसे कोंबण्यात आली.

स्थानिक जागांचे स्वरूप : मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला. मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या नोकरदारांची वस्ती म्हणून लोहमार्गालगतची ही गावे वाढली. स्वतःची कार्यालये त्यांना पुष्कळ नंतर लाभली आणि त्यांतील अनेक मुळात कार्यालयासाठी न बांधलेल्या जागांत थाटली गेली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांपैकी असलेल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कारखान्यांचे गाळे पुढे कार्यालयांकडे वळले. हे गाळे बहुधा खोल व अरुंद असून त्यांना एकाच टोकाला खिडक्या असतात. कल्याण व डोंबिवली येथे वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद इत्यादींची कार्यालये बरेचदा राहत्या इमारतींतील सदनिकांत आढळतात. नव्या व्यापारी संकुलांतील जागा यांहून सोयीच्या असल्या, तरी विक्रीच्या वेळी सांगितलेले क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष वापराचे चटईक्षेत्र यांत मोठा फरक असू शकतो. म्हणून आराखडा काढण्यापूर्वी जागा स्वतः मोजावी. स्तंभ, तुळया, दारांची उघडझाप, खिडक्यांच्या उंबऱ्यांची उंची व विजेची ठिकाणे कागदावर नोंदवावीत. फर्निचर अगोदर खरेदी करून मग जागा शोधणे, ही या बाबतीतली सर्वांत महाग चूक होय.

अंतरे व मापे : लिहिण्याच्या मेजाची उंची सु. ७३ ते ७५ सेंमी. असते. टंकलेखनयंत्र आणि नंतरचे खोल पेटीचे संगणक-पडदे यांच्यासाठी ७५ सेंमी. वा त्याहून रुंद मेज लागे. सपाट पडद्यामुळे १२० × ६० सेंमी.चे मेज बहुतेक कामांस पुरते. मात्र नकाशे किंवा हिशेबाच्या मोठ्या वह्या हाताळणाऱ्यास ते अपुरे पडते. बसलेल्या माणसाची खुर्ची मेजाच्या कडेपासून सु. ६० सेंमी. जागा व्यापते आणि तिच्यामागून एका माणसाला जाण्यास आणखी निदान ६० सेंमी. लागतात. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीसाठी ९० सेंमी. रुंदीची वाट आणि वळण्यासाठी सु. १५० सेंमी. व्यासाची मोकळी जागा ठेवावी.

ही मापे एकत्र आली की काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १२ मी. लांब व ८ मी. रुंद असा गाळा असून ८ मी.च्या एका बाजूस खिडक्या आहेत. खिडक्यांशी काटकोनात, समोरासमोर जोडलेल्या मेजांच्या दोन रांगा केल्या, तर प्रत्येक रांग १.२ मी. रुंद होते. डाव्या भिंतीलगत १.२ मी., दोन रांगांमध्ये पाठीला पाठ करून बसणाऱ्यांसाठी १.८ मी. आणि उजव्या भिंतीला ४८ सेंमी. खोलीची कपाटे धरली, तर दुसरी रांग व कपाटे यांच्यामध्ये २.१२ मी. उरतात. त्यांपैकी ६० सेंमी. खुर्चीत आणि ४५ सेंमी. कपाटाच्या उघड्या दारात जातात, चालण्यास १.०७ मी. शिल्लक राहते. प्रत्येक रांगेत दोन्ही बाजूंस तीन-तीन याप्रमाणे बारा माणसे खिडकीजवळच्या सु. सव्वाचार मी. खोलीत सोयीने बसतात. मागील भागात आडवी वाट, प्रमुखाची खोली, बैठकीची खोली, अभ्यागतांची जागा व चहापाण्याचा ओटा यांना वाव मिळतो. याच पट्टीत तिसरी रांग घुसविण्याचा मोह बहुतेक मालकांना होतो. तिला १.२ मी. दिले, की खुर्च्यांमागे वाट उरत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी उठल्याखेरीज आतला माणूस बाहेर येऊ शकत नाही आणि कपाट उघडले की वाट बंद होते.

बाहेर पडण्याच्या वाटा : राष्ट्रीय इमारत संहितेत (१९७०, सुधारित आवृत्ती २०१६) व्यावसायिक वापरासाठी दरमाणशी १० चौ. मी. हे परिमाण दिले आहे. ते किती माणसे बसवावीत हे सांगण्यासाठी नसून, किती माणसांसाठी सुटकेचे मार्ग हवेत याच्या गणनेसाठी आहे, हे अनेकदा विसरले जाते. वरील गाळ्यात या हिशेबाने दहा माणसे धरली जातील; प्रत्यक्षात जास्त बसणार असतील, तर मार्गांचा विचार त्या संख्येनेच करावयास हवा. बाहेर पडण्याचे दार किमान १ मी. रुंद असावे, असे संहिता सांगते. एवढ्या रुंद दारासमोर छपाईयंत्र, पाण्याचा पिंप किंवा जुन्या धारिकांचे गठ्ठे ठेवून ती रुंदी निम्म्यावर आणण्यास कोणाची परवानगी लागत नाही आणि म्हणूनच ते सर्रास घडते. गाळ्याचे शटर कामाच्या वेळात पूर्ण वर असावे. मुख्य वाट सरळ असावी. धुरात माणूस आठवणीने चालतो आणि वळणे आठवत नाहीत. डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत दूरवरच्या इमारतींच्याही काचा फुटल्या होत्या. त्या भागात मोठ्या काचेला अगदी लागून पाठ करून माणसे बसवू नयेत आणि काचेवर तुकडे धरून ठेवणारा पातळ पापुद्रा चिकटवावा.

प्रकाश : सर्वसाधारण लेखन-वाचनास ३०० ते ५०० लक्स प्रकाश पुरेसा मानतात. खिडकी संगणकाच्या पडद्यामागे असल्यास डोळे दिपतात आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे असल्यास पडद्यावर प्रतिबिंब पडते. म्हणून ती बाजूस असणे उत्तम. पश्चिमेच्या खिडक्यांना दुपारनंतर पडद्यांची गरज भासते. खोल गाळ्यांत प्रमुखाची बंद खोली खिडकीला लागून केली, की उरलेली सर्व माणसे दिवसभर कृत्रिम प्रकाशात बसतात. ही रीत प्रतिष्ठेची असली, तरी समर्थनीय नाही. बंद खोल्या आतल्या बाजूस घेऊन त्यांना वरच्या भागात काच लावणे अधिक श्रेयस्कर होय. वास्तुशास्त्राच्या आग्रहाने प्रमुखाची जागा नैर्ऋत्येस मागितली जाते. उजेड व वाट यांना बाध येत नसेल, तर त्यात हानी नाही. दार बंद करून दिशा साधणे मात्र टाळावे.

कपाटे व भार : सदनिकेत कार्यालय थाटताना बहुधा दुर्लक्षिली जाणारी बाब म्हणजे कागदांचे वजन. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन दर चौ. मी.ला सु. २०० किग्रॅ. चल भारासाठी, तर स्वतंत्र साठवणीची खोली नसलेल्या कार्यालयाची सु. ४०० किग्रॅ. भारासाठी आखतात. सु. १९८ सेंमी. उंचीचे कागदांनी गच्च भरलेले कपाट तीनशे किग्रॅ.च्या पुढे सहज जाते आणि ते अर्ध्या चौ. मी.हूनही कमी जागेवर उभे असते. एखादे कपाट स्लॅब सहन करतो. खोलीच्या मध्यावर विभाजक म्हणून उभी केलेली त्यांची रांग धोक्याची ठरते. कपाटे भिंतीलगत, शक्यतो तुळईवर, विखरून ठेवावीत. जुन्या इमारतीत संरचना अभियंत्याचा सल्ला आधी घ्यावा. या शहरांच्या महानगरपालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पावसाळा : या परिसरात वर्षातले चार महिने मांडणीची परीक्षा पाहतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी यांच्या काठचा कल्याणचा सखल भाग पाण्याखाली गेला होता. तळमजल्यावरील कार्यालयात सर्वांत खालचा खण रिकामा किंवा बिनमहत्त्वाच्या वस्तूंसाठी राखावा, मूळ दस्तऐवज छातीच्या उंचीवर ठेवावेत आणि विजेची बटने व संगणकाच्या पेट्या जमिनीपासून वर घ्याव्यात. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळ्या पाणी लागताच फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. त्यांच्या कडा पूर्ण झाकून पायांना धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोप्या बसवाव्यात. भिंत व कपाट यांत चार-पाच सेंमी. अंतर सोडल्यास ओल धरत नाही आणि वाळवीचा मागही वेळीच दिसतो. लोकलगाडीतून भिजून आलेल्या माणसांच्या छत्र्या, रेनकोट, पिशव्या व डबे यांसाठी दाराशीच, पाणी निथळेल अशी जागा नसेल, तर त्या वस्तू खुर्च्यांच्या पाठींवर व वाटेत येऊन बसतात आणि कागदावर नेटकी दिसणारी मांडणी पहिल्या पावसातच बिघडते.

आराखडा पक्का करण्यापूर्वी मेजे व कपाटे यांच्या कडा जमिनीवर खडूने आखून, त्यांतून दोन माणसांनी समोरासमोर चालून पाहावे. खुर्ची मागे सरकवून, कपाटाचे दार उघडल्याची कल्पना करून पाहिले, की नकाशात न दिसलेल्या अडचणी बहुधा तेथेच उघड होतात. खडूची रेघ पुसून दुसरी ओढण्यास खर्च येत नाही.