‘टॅलिसमन’ : कादंबरीतला सुलतान आणि इतिहासातला

धारवाड-हुबळीकडील आम्हां वाचकांना ऐतिहासिक कादंबरीची गोडी लाविली ती हरिभाऊ आपट्यांनी मराठीतून, आणि त्यांच्याच कादंबऱ्या कानडीत उतरवून ती वाढविली गळगनाथांनी. त्याच जातीची, परंतु क्रूसयुद्धांवरील एक जुनी इंग्रजी कादंबरी म्हणजे सर वॉल्टर स्कॉट यांची ‘द टॅलिसमन’ (१८२५).

पवित्र भूमीसाठी लढणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड छावणीत तापाने अंथरुणास खिळतो; आणि त्याचा शत्रू सुलतान सलादिन वैद्याच्या वेषात येऊन त्यास बरे करितो! प्रसंग इतका रम्य की, मुले तो खराच मानतील. वस्तुतः त्या दोघांची भेट कधीच झाली नाही. आजारी रिचर्डला सलादिनने फळे व बर्फ पाठविले, एवढे मात्र इतिहासात आहे.

कादंबरीत कॉनराडचा घात टेम्पलर संघाचा प्रमुख करितो. खरा कॉनराड ११९२ मध्ये टायर शहरी हशीशी पंथाच्या मारेकऱ्यांकडून मारला गेला. धर्मसंघाच्या माथी हे पाप मारलेले आम्हांस रुचले नाही. पण म्हणून आपल्या बाजूचे दोष झाकावे काय? ११९१ मध्ये आक्रे शहर जिंकल्यावर रिचर्डने सुमारे २,७०० कैद्यांची कत्तल करविली. या शूर राजावर भाळलेल्या मुलांस वडीलधाऱ्यांनी हेही सांगावे.

११९२ च्या तहाने यरुशलेम सलादिनकडेच राहिले, पण निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना पवित्र कबरेच्या दर्शनाची मुभा मिळाली. रिचर्ड स्वतः दर्शन न घेताच परतला.