सातबाऱ्यात न सापडलेली पणजी

आपल्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर, खास लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. आजीचं बोलणं मात्र आहे तसं ठेवलंय. घरातल्या कुणाचंही नाव या भागात नाही, कारण आत्यांनी तशी अट घातली आहे. भाग नावांवर आणि त्यात नावंच नाहीत, हे मलाही विचित्र वाटतं. पण ऐका.

तर झालं असं. आमचं गाव बोर्ली पंचतन, श्रीवर्धन तालुक्यातलं. दिवेआगरला गेला असाल तर बोर्लीवरून गेला असाल. तिथे आमची थोडी भातशेती आणि पोफळीची छोटी वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि पोफळी आडव्या झाल्या. तेव्हापासून घरात जमिनीचं काय करायचं ही चर्चा चालू आहे. या मे महिन्यात बाबांनी मला व्हॉट्सॲपवर कागदांचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, "हक्कसोड पत्राचा मसुदा आहे. तू वाच, टाईप कर आणि दोन्ही आत्यांना पाठव. तुला कॉम्प्युटरचं कळतं."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरात मला 'कॉम्प्युटरचं कळतं' म्हणजे काहीही टाईप करता येतं. बसलो टाईप करायला. मसुद्यासोबत जुने कागद होते, श्रीवर्धनच्या तहसीलमधून काढलेल्या नकला. त्यात एका जुन्या फेरफाराच्या तिसऱ्या ओळीत माझी पणजी होती. तिचं सासरचं नाव, पुढे 'कोम', पुढे पणजोबांचं नाव.

आधी हे 'कोम' म्हणजे काय ते सांगतो. जुन्या मराठी कागदांत पुरुषाच्या नावापुढे 'बिन' येतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' येतं, म्हणजे अमक्याची बायको. कधी 'भ्रतार' असं लिहिलेलं सापडतं, अर्थ तोच. बाईचा बाप नाही, आई नाही, माहेरचं गाव नाही. डेटाबेस शिकलेल्यांसाठी सांगायचं तर ती स्वतंत्र रेकॉर्ड नाही, ती फॉरेन की आहे. नवऱ्याची ओळ उडवली तर तिच्यापर्यंत जायला रस्ता उरत नाही.

मी आजीला फोन लावला. आजी म्हणजे पणजीची सून, आता ऐंशीच्या पुढे आहे. विचारलं, पणजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं?

"काय माहीत बाळा. तिला सगळे शिस्तेकरीण म्हणायचे. शिस्त्याची ना ती."

"पण माहेरी काय म्हणायचे?"

"गौरीला तिचा भाऊ यायचा शिदोरी घेऊन. तो 'बाय' म्हणायचा. आणि सासूचं नाव सुनेनं विचारायचं असतं का रे?"

शिस्ते हे बोर्लीच्या शेजारचं गाव. तिथून इथे येईपर्यंत एका मुलीचं नाव गेलं. कसं जातं ते तुम्ही लग्नात पाहिलं असेल. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो, फोटोग्राफर म्हणतो 'वहिनी, इकडे बघा.' आज तो फोटोपुरता कार्यक्रम आहे आणि आधार कार्डावर जुनं नाव ठेवता येतं. पणजीच्या वेळी मुळात कागदच नव्हता. शाळेच्या रजिस्टरमध्ये ती नव्हती, कारण ती शाळेत गेलीच नाही. ताटातले तांदूळ हलवले की जुनं नाव संपलं.

हे साधारण १९३०-४० मधलं. तेव्हा बोर्ली ब्रिटिशांच्या नाही, जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ ला शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ ठरलं, पण संस्थानांचा कारभार वेगळा. आजीच्या अंदाजाने पणजी लग्नात तेरा वर्षांची होती. १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि आपला भाग कुलाबा जिल्ह्यात आला. त्याच जिल्ह्याचं नाव १९८१ पासून रायगड.

पणजोबा मुंबईला गिरणीत होते. कोकणातल्या हजारो घरांची हीच गोष्ट: नवरा चाळीत, बायको गावी. किनाऱ्याने बोटी चालायच्या, पण पावसाळ्यात ती वाहतूक बंद असायची. आणि भाताचं खरं काम पावसाळ्यातच.

आजीने मला तो क्रम सांगितला. चैत्र-वैशाखात राब भाजायचा, म्हणजे रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेण पसरून जाळायचं. पावसाच्या तोंडावर पेरणी. रोपं वर आली की लावणी, डोक्यावर इरलं आणि दिवसभर कमरेत वाकून चिखलात. मग बेणणी, म्हणजे तण काढणं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी. नांगर दीर धरायचा, बाकी सगळं पणजी आणि तिची जाऊ. भात घरात आलं की तांदूळ होतो असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा, उखळात मुसळाने सडल्याशिवाय तांदूळ नाही.

आणि हे झालं फक्त शेत. पहाटे जात्यावर भाकरीचं पीठ. मग विहिरीचं पाणी, चुलीचं सरपण, गुरं, शेणी, सासूचं औषध, दिराची भाकरी. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी: आमसुलं, सुके बोंबील, सुका जवळा. याच्यामध्ये बाळंतपणं. घरातच, सुईणीच्या हाताने.

"सात झाली तिची. जगली तीन," आजी म्हणाली. "चौथं गेलं तेव्हा लावणी चालली होती. बाराव्या दिवशी ती शेतात होती."

मी विचारलं, नवरा आला होता का?

"कळवलंच नव्हतं. पत्र लिहिणार कोण?"

नवऱ्याशी तिचा संबंध मनीऑर्डरपुरता. मनीऑर्डर भारतीय डाकखात्याने १८८० ला सुरू केली आणि तिची जुनी कागदी पद्धत २०१५ ला बंद केली, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिलेलीच नसेल. पोस्टमन घरी पैसे आणून द्यायचा. फॉर्मच्या एका तुकड्यावर दोन ओळी मजकुराची जागा असायची. पणजीसाठी तो मजकूर पोस्टमन वाचून दाखवायचा, अंगणात, सासूसमोर, सगळ्यांसमोर. मग ती अंगठा द्यायची. नवरा-बायकोचं खासगी असं त्यात काय उरलं असेल, तुम्हीच विचार करा. आपण 'सीन' करून रिप्लाय आला नाही म्हणून रात्रभर जागतो.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, फक्त उखाण्यात घ्यायचं. मग मनातलं बोलायचं कुठे? जात्यावर. हे मी हौसेने म्हणत नाहीये, याचा पुरावा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा साठा एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे. बर्नार्ड बेल या संशोधकाने त्याचा डेटाबेस बांधला, आणि आज 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या साईटवर तुम्ही त्या फोनवर ऐकू शकता. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, सासूचा जाच आहे, मूल आहे. मला आवडलं ते हे, की तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तिथे बाई कुणाची कोम नाही.

आता जमिनीवर येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

पणजीने राबलेली जमीन आमची नव्हती, आम्ही कूळ होतो. पीक यायचं, त्यातला खंड मालकाला जायचा. मग मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळ कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसेल त्याची जमीन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. कलम ३२ग खाली किंमत ठरायची, ती भरली की ३२म चं प्रमाणपत्र. कोकणातल्या कित्येक घरांत पत्र्याच्या ट्रंकेत हा कागद आजही जपलेला असतो. आमच्याकडेही आहे.

त्यावर नाव पणजोबांचं आहे, जे तेव्हा गिरणीत साचे चालवत होते.

मला वाटलं इथे कुणीतरी फसवाफसवी केली असणार. म्हणून कायदा वाचला. तर नाही, सगळं नियमात आहे. 'जातीने जमीन कसणे' याची व्याख्या त्या कायद्यातच आहे: स्वतःच्या श्रमाने, किंवा कुटुंबातल्या कुठल्याही माणसाच्या श्रमाने कसणे. म्हणजे चिखलात पणजी वाकली तरी कायद्याच्या हिशोबात जमीन पणजोबांनी कसली. कुळांसाठी हा चांगला कायदा होता. त्याच्यामुळेच आमच्या घरात दोन घास आले आणि मी बी.टेक. झालो. पण 'कसेल त्याची' मधला 'तो' कोण, हे आधीच ठरलेलं होतं.

किंमत हप्त्यांनी भरायची होती. दोन हप्ते थकले तेव्हा पणजीने माहेरची पुतळ्यांची माळ मोडली. हे मला आजीने सांगितलं. ते कुठल्याही कागदावर नाही.

पणजोबा वारले १९७० नंतर. तोवर १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला होता. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली सारख्या वाटेकरी. म्हणजे पणजी, आजोबा आणि आजोबांच्या दोन बहिणी, असे चार सारखे हिस्से. फेरफारात काय आहे? पहिलं नाव आजोबांचं. मग पणजी, तीच ती 'कोम' वाली ओळ. आणि मुलींबद्दल एकच वाक्य: लग्न होऊन सासरी नांदत आहेत, हक्क सांगत नाहीत. खाली दोन अंगठे.

हे वाचलं आणि मी टाईप करत असलेल्या मसुद्याकडे पाहिलं. आजोबा गेलेत. वारस आजी, बाबा आणि दोन आत्या. मसुद्यात लिहिलं होतं: आम्ही विवाहित असून आपापल्या घरी सुखी आहोत, सबब राजीखुशीने हक्क सोडत आहोत. पन्नास वर्षांनी तेच वाक्य आणि या वेळी कीबोर्डवर हात माझे.

हक्कसोड पत्र बेकायदा नाही. स्वखुशीने हिस्सा सोडता येतो. पण ते नोंदणीकृत असावं लागतं आणि एकदा झालं की सहज मागे फिरवता येत नाही. बऱ्याच बहिणी सही करतात ती माहेर तुटू नये म्हणून. गणपतीला बोलावणं यावं, इतकंच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखा हक्क दिला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लागतं. कायदा बराच पुढे आलाय. सही मात्र अजून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होते.

कामाचंही तसंच आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जात होता, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि आता बहुतेक घरांत गॅस आहे, पिठाची गिरणी आहे, नळ आहे.

मी मसुदा पाठवला नाही. आधी दोन्ही आत्यांना फोन केला आणि त्यावर सही केली तर नेमकं काय सुटतं ते सांगितलं. मोठी आत्या म्हणाली, "मला माहीत आहे रे. दादासाठी करणारच होते, करेन." धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला विकायची नाहीये, पैसेही नकोत. पण माझं नाव राहू दे त्या कागदावर." बाबा माझ्यावर चिडले. आठ दिवस नीट बोलले नाहीत. सध्या मसुदा तसाच पडलाय आणि मोठ्या आत्याने सही पुढे ढकललीय. पुढे काय होईल मला माहीत नाही. जमीन विकली जाईलही. पण जे होईल ते सगळ्यांना माहीत असताना होईल.

पणजीचं लग्नाआधीचं नाव अजून मिळालेलं नाही. शिस्त्याला तिच्या भावाच्या नातवंडांकडे जाऊन आलो. त्यांच्या घरी एक जुना फेरफार आहे. त्यात तिच्या वडिलांचे वारस म्हणून फक्त मुलगे आहेत. मी घरच्या वंशावळीच्या फाईलमध्ये ती जागा रिकामी ठेवली आहे. आईच्या, आजीच्या आणि दोन्ही आत्यांच्या नावापुढे मात्र माहेरचं पूर्ण नाव लिहिलं.

तुमच्यासाठी एक काम. या आठवड्यात आजीला फोन करा. नसेल तर आईला, मावशीला. तीन गोष्टी विचारा: लग्नाआधी तुला काय हाक मारायचे? सासरी आल्यावर पहिल्या वर्षी तू काय काय काम करायचीस? आणि आपल्या घरातल्या कुठल्या वस्तूसाठी तू स्वतःचं काही मोडलंस? फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी तिला विचारून. परवानगी असेल तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

आजीला मी विचारलं होतं, हे सगळं पॉडकास्टवर सांगू का?

"सांग की," ती म्हणाली. "पण ते माळेचं आधी सांग. ते कुणीच सांगत नाही."

सॉरी आजी, ते मध्येच आलं. पण आलं. भेटू पुढच्या भागात.