डावीकडच्या आसनावरून

दरवर्षी बारावीच्या परीक्षा आटोपल्या आणि नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागले, की ज्या घरासमोर मोटार उभी आहे त्या घरात एक मागणी हमखास पुढे येते. मुलाचे वा मुलीचे अठरावे वर्ष पूर्ण झालेले असते, निकालांना अवकाश असतो, आणि या मोकळ्या दिवसांत घरची गाडी शिकून घ्यावी हा विचार त्या वयाला जितका स्वाभाविक वाटतो, तितकीच आईबापांच्या मनात तो धास्ती उत्पन्न करतो. उन्हाच्या भयाने हे शिक्षण आमच्याकडे पहाटेच चालते. सिव्हिल लाइन्सच्या रुंद, वृक्षांनी झाकलेल्या रस्त्यांवर सकाळी साडेपाचच्या सुमारास एखादी गाडी झटके खात येताना दिसली, की फिरायला निघालेली मंडळी काय चालले आहे ते ओळखतात आणि समजुतीने दोन पावले बाजूला होतात.

या शिक्षणाकडे आपण फार हलक्या नजरेने पाहतो, असे माझे मत आहे. चार दिवस ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, चार दिवस बाबांची गाडी आणि महिन्याच्या अखेरीस परवाना, एवढ्यात हे प्रकरण निकाली काढण्याचा आपला रिवाज आहे. गाडी कशी चालते हे कोणत्याही बऱ्या शाळेत शिकता येते. परंतु रस्त्यावर कसे वागावे हे शिकवण्याची जबाबदारी घराची आहे, आणि त्या कामाला महिना पुरत नाही.

प्रथम वयाचा प्रश्न. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या कोणत्याही इसमास सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवण्याची मुभा नाही. सोळा पूर्ण झालेल्यांना सवलत आहे ती पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती. या सवलतीला एके काळी मोठा अर्थ होता. फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली लूना बाजारात आणली, आणि त्यानंतरच्या पिढीतील असंख्य मुलामुलींनी सायकलवरून लूनावर, लूनावरून स्कूटरवर आणि पुष्कळ वर्षांनी, ऐपत आलीच तर, मोटारीपर्यंत अशी पायरीपायरीने वाटचाल केली. मोटारीच्या चाकाशी बसेपर्यंत त्यांना चौकातील गर्दी, ओल्या रस्त्यावरची घसरण आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न यांची दीर्घ ओळख झालेली असे. पन्नास सीसीच्या त्या गाड्या आता बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. त्यामुळे कायद्यातील सवलत कागदावर शिल्लक असली, तरी मधली पायरी निखळली आहे. परिणाम असा, की कायदा पाळणारे मूल सायकलवरून थेट मोटारीत येऊन बसते, आणि न पाळणारे सोळाव्या वर्षीच शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर घेऊन शिकवणीवर्गाला जाते व त्या स्कूटरची किल्ली त्याच्या हाती आईबापांनीच दिलेली असते.

या दुसऱ्या प्रकाराबाबत कायद्याने आता नरमाई सोडली आहे. नागपूरचेच खासदार नितीन गडकरी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री असताना १९८८च्या कायद्यात जी दुरुस्ती झाली व जिचा बराचसा भाग १ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आला, तिच्यातील ‘१९९ अ’ या कलमाप्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी असून वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे, आणि त्या प्रकरणात त्याच्या वडिलांनाही अटक झाली. त्या घटनेनंतर तरी ‘कॉलनीतल्या कॉलनीतच तर चालवतो’ हा बचाव आपल्या तोंडी येऊ नये. कॉलनीचा रस्ताही सार्वजनिकच असतो, आणि त्यावर दुसऱ्या कोणाचे तरी मूल खेळत असते.

वय पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना काढणे महाराष्ट्रात आता कठीण उरलेले नाही. २०२१ पासून आधारच्या साहाय्याने घरबसल्या परीक्षा देऊन तो मिळवता येतो. मात्र तो हाती पडल्याने एकट्याने गाडी काढण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसरा नियम असे सांगतो, की पक्का परवाना असलेली व्यक्ती सोबत हवी, गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी, आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर हवे. खासगी मोटारीच्या विम्याच्या पॉलिसीतही या नियमाचा नावानिशी उल्लेख असतो, ही गोष्ट फारच थोड्या घरांत कोणी वाचलेली असते.

‘थांबवता येईल अशा जागी’ या अटीवर जरा थांबले पाहिजे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवलेले असतात. घरच्या गाडीत डावीकडे बसलेल्या बापाच्या हाताशी असतो तो केवळ दोन आसनांमधला हँडब्रेक. तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो, आणि वेग असताना एकदम खेचला तर तीच चाके जखडून गाडीची शेपूट फिरते. म्हणून टोकाचे बटण अंगठ्याने दाबून धरावे व दांडा हळूहळू वर घ्यावा. आणि ही क्रिया मुलीला शेजारी बसवण्याआधी आईने किंवा बापाने स्वतः रिकाम्या मैदानात, पंधरा-वीसच्या वेगाने, पुनःपुन्हा करून पाहावी. नव्या गाड्यांत दांडा जाऊन त्याजागी नुसते बटण आले आहे. ते चालत्या गाडीत कसे वागते, हे गाडीच्या पुस्तिकेत वाचल्याखेरीज शिकवण्याची सुरुवातच करू नये. मनासारखा ताबा राहत नसेल, तर पहिले धडे दुहेरी ब्रेकच्या गाडीवर गिरवणे यात कसलाही कमीपणा नाही.

पहिल्या सकाळी अॅक्सिलरेटरला पाय लावू देऊ नये. नागपूरची जमीन बहुतांशी सपाट, आणि सपाटीवर बहुतेक गाड्या नुसता क्लच सावकाश सोडला तरी पहिल्या गियरमध्ये चालू लागतात. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, पायाखाली बारीक थरथर जाणवते, आणि त्या बिंदूवर पाय स्थिर धरला की गाडी आपण होऊन सरकते. तो बिंदू पायाला एकदा सापडला, की गाडी बंद पडण्याची निम्मी भीती संपते. चढाचा धडा मात्र शोधत जावा लागतो. उभ्या चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघणे ही पक्क्या परवान्याच्या चाचणीत नियमानेच अपेक्षित असलेली गोष्ट असल्याने आमच्याकडची मंडळी त्यासाठी सेमिनरी हिल्सचा रस्ता गाठतात.

पुढचा क्रम कसा असावा, याचे उत्तर नागपूरच्या इतिहासातच आहे. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद येथे भरली आणि तिने रस्ते-विकासाची जी तजवीज केली ती ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही वर्गवारी त्या योजनेतून रूढ झाली. शिकणाऱ्याने ती यादी खालून वर वाचावी. आधी खेड्याचा निर्जन रस्ता, जेथे बैलगाडीच्या मागे शांतपणे चालण्याचा संयम शिकता येतो; मग उमरेड किंवा काटोलकडचा वाहता रस्ता; आणि सर्वांत शेवटी, पक्का परवाना मिळून काही महिने लोटल्यावर, आमच्या शहरात एकमेकांना छेदणारे ४४ व ५३ क्रमांकाचे महामार्ग. समृद्धी महामार्गाचे नाव तर पहिल्या वर्षी काढूच नये. तेथील ताशी १२० किलोमीटरच्या वेगमर्यादेत गाडी एका सेकंदाला तेहतीस मीटर पुढे जाते, आणि नवख्या डोळ्यांना तेवढे अंतर मापण्याची सवय झालेली नसते. इतवारी आणि महालातील गल्ल्या या वर्गवारीत कोठेच बसत नाहीत; तेथे वेग नसतो, पण हातगाडी, ई-रिक्षा, गाय आणि अंगचटीला येणारी माणसे यांच्यातून वाट काढताना आरशांचा खरा उपयोग कळतो.

शिकवणाऱ्याच्या वाणीविषयीही लिहिले पाहिजे, कारण बहुतेक घरांतील हे शिक्षण गाडीमुळे नव्हे, तर आवाजामुळे बिघडते. ‘अगं, ब्रेक! ब्रेक!’ असा आरडाओरडा झाला की घाबरलेला पाय भलत्याच ठिकाणी पडतो. निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, की ‘थांब’ म्हटले म्हणजे क्लच व ब्रेक दोन्ही दाबायचे, त्यावर वाद करायचा नाही, आणि कारण गाडी उभी राहिल्यावर विचारायचे. एरवी बोलण्याचे काम मुलीकडे सोपवावे. डोळ्यांना जे दिसते ते तिने मोठ्याने सांगत जावे: ‘डावीकडे गाय आहे बाबा, पुढची ई-रिक्षा थांबणार, स्कूटरवाली काकू वळणार पण इंडिकेटर नाही.’ तिची नजर बोनेटवर खिळली आहे की शंभर पावले पुढे पोचली आहे, हे या बोलण्यातून तत्काळ उमगते, आणि जे तिने सांगितले नाही तोच पुढचा धडा होतो.

एक गोष्ट अधिक अवघड आहे. ही मुले अठरा वर्षे मागच्या आसनावर बसून आपल्याला पाहत आली आहेत. व्हरायटी चौकात पिवळ्या दिव्यावर आपण वेग वाढवला, वळसा चुकवण्यासाठी उलट दिशेने गाडी घातली, फोन आला म्हणून एका हाताने चाक धरले, ते सर्व त्यांच्या मनात नोंदले गेले आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे पायी निघालेल्या विराट जनसमुदायासाठी आपण गाडी थांबवून शांत बसलो की हॉर्न वाजवत राहिलो, तेही. रस्ता हा आधी पायी चालणाऱ्याचा आहे ही जाणीव मुलाला द्यायची असेल, तर ती प्रथम उजवीकडच्या आसनावर बसणाऱ्या आईबापांच्या वागणुकीत दिसली पाहिजे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू सरकारी अहवालाने अतिवेगाच्या सदरात नोंदवले आहेत. या आकड्याला क्लचचे अज्ञान कारण झालेले नाही.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एकवीस वर्षांखालील शिकाऊ चालकाला चाचणीस बसण्यापूर्वी अनुभवी चालकासोबत १२० तास गाडी चालवून त्याची नोंद दाखवावी लागते. आपल्याकडे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांच्या हलक्या वाहनांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष चालवण्याचे २१ तास आहेत. घरी शिकणाऱ्यावर तासांचे कसलेच बंधन नाही. शिकाऊ परवान्याला तीस दिवस झाले की चाचणी देता येते, आणि त्या परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते. आपण सारे तो तिसावा दिवस बोटावर मोजतो. माझे सांगणे असे, की सहाव्या महिन्याकडे पाहावे. मे महिन्यात ज्यांनी शिकाऊ परवाना काढला असेल त्यांनी चाचणी दसऱ्यानंतर द्यावी. मधल्या काळात विदर्भाचा पाऊस येऊन जातो, काच आतून धुरकटते, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, भिजलेला ब्रेक उशिरा लागतो, आणि संध्याकाळी काटोल रस्त्याने परतताना समोरच्या वाहनाचा अप्पर दिवा डोळ्यांवर आला की डावी कडा धरून वेग कसा उतरवावा, हे मुलीला कळते, ते शेजारी आपण असतानाच.