कांचनजंगा
मुंबईतील कंबाला हिल भागातील २८ मजली निवासी इमारत. वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५). संरचना-अभियंता शिरीष पटेल. बांधकाम १९८३ मध्ये पूर्ण झाले. मुंबईत समुद्रावरील वारा पश्चिमेकडून येतो; परंतु दुपारचे ऊन व पावसाचा माराही त्याच दिशेने येतो. जुन्या बंगल्यांत खोल्यांभोवती व्हरांडा ठेवून हा पेच सोडविला जाई. कोरियांनी तीच योजना उंच इमारतीत आणली. येथील ३२ सदनिकांना कोपऱ्यात दुमजली उंचीच्या, बागेसाठी योजलेल्या गच्च्या आहेत. त्यांमुळे ऊनपाऊस अडतो व वारा आरपार खेळतो. काँक्रीटचा मध्यवर्ती गाभा वाऱ्याचा आडवा दाब पेलत असल्याने कोपरे असे मोकळे सोडता आले. उष्ण व दमट हवामानाशी जुळणाऱ्या उंच घराचा हा महत्त्वाचा नमुना होय.